बॅकअप सुरू झाला की चालू व्हीएम गोठते: कारण शोधण्याचा क्रम

रात्रीचा बॅकअप सुरू झाला की चालू असलेले व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला स्वतंत्र संगणक) काही सेकंद, कधी काही मिनिटे, आणि क्वचित सकाळी कोणीतरी येऊन ते जबरदस्तीने बंद करेपर्यंत गोठून राहते, ही तक्रार कोल्हापूर परिसरातील लहान-मध्यम कारखान्यांकडून आणि सहकारी संस्थांकडून माझ्याकडे वारंवार येते. पुढील मजकूर प्रॉक्समॉक्स या व्हीएम सांभाळणाऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या केव्हीएम यंत्रणेला धरून लिहिला आहे. हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअर वापरणाऱ्यांना पडदे आणि बटणे वेगळी दिसतील, पण तपासणीचा क्रम बहुतांशी हाच ठेवता येईल.

व्हीएम बंद करून निवांत बॅकअप घ्यावा, हा सल्ला कागदावर उत्तम आहे. पण गाळप हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा चोवीस तास चालतो, फाउंड्रीत तिसरी पाळी असते आणि दूध संस्थेचे संकलन उजाडण्याआधीच सुरू होते. त्यामुळे मशीन चालू ठेवूनच प्रत घेणे येथे गरजेचे ठरते, आणि दोष शोधायचा तो याच पद्धतीत.

लक्षणे

पुढीलपैकी आपल्याकडे नेमके काय घडते हे आधी ठरवावे, कारण प्रत्येकाचे मूळ वेगळ्या ठिकाणी आहे.

- बॅकअपच्या आरंभी सॉफ्टवेअर काही क्षण थांबते आणि मग पूर्ववत चालते.
- बॅकअप संपेपर्यंत संपूर्ण व्हीएम संथ राहते. बिल सेव्ह करायला एरवी एक सेकंद लागतो, तेथे अर्धा मिनिट लागतो.
- व्हीएम पिंगला (नेटवर्कवरून दिलेल्या हाकेला) उत्तर देते, पण लॉगिन होत नाही आणि काहीही सेव्ह होत नाही. बॅकअप तर केव्हाच अयशस्वी होऊन थांबलेला असतो.
- बॅकअप अर्धवट तुटतो आणि त्यानंतर व्हीएमवर कुलूप राहते. दुसऱ्या दिवशीचा बॅकअप त्या कुलपापाशीच अडतो.
- सगळे सुरळीत दिसते, यशस्वी झाल्याची ईमेलही येते, पण प्रत परत उभी केल्यावर डेटाबेस दुरुस्ती मागतो.

शेवटचे लक्षण सर्वांत घातक आहे, कारण ते दिसायला कोणीतरी प्रत उभी करून पाहावी लागते आणि ते काम क्वचितच कोणी करते.

आधी लॉग वाचावा

यास पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही, तरी बहुतेक ठिकाणी हीच पायरी वगळली जाते. वेब पडद्यावर दिसणाऱ्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेळ नसते. सर्व्हरवरील लॉगच्या फोल्डरमध्ये व्हीझेडडम्प या नावाखाली प्रत्येक व्हीएमची स्वतंत्र फाइल असते आणि तीत प्रत्येक ओळीला वेळ असते. ती फाइल उघडून दोन ओळी शोधाव्यात: गेस्ट एजंटला (व्हीएमच्या आत चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅमला) ‘एफएस-फ्रीझ’ची आज्ञा दिल्याची आणि त्यानंतर ‘एफएस-थॉ’ची आज्ञा दिल्याची. पहिल्या आज्ञेने व्हीएममधील फाइल सिस्टिम क्षणभर थांबवली जाते, दुसरीने ती मोकळी होते. निरोगी यंत्रणेत या दोन वेळांत एक-दोन सेकंदांचे अंतर असते. ते वीस-तीस सेकंद किंवा त्याहून जास्त असेल तर दोष व्हीएमच्या आत आहे. अंतर किरकोळ असूनही पुढचे तीन तास मशीन संथ असेल तर दोष बॅकअप जेथे लिहिला जातो त्या बाजूला आहे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो.

याच फाइलमध्ये कधी कधी अशा अर्थाची ओळ सापडते की एजंट सेटिंगमध्ये चालू आहे, पण प्रत्यक्षात उत्तर देत नसल्यामुळे फ्रीझ वगळले. बॅकअप त्यानंतरही पूर्ण होतो आणि यशस्वी म्हणूनच नोंदला जातो. पाचव्या लक्षणाचे मूळ पुष्कळदा या एका ओळीत असते.

वेळांची टक्कर

बॅकअप रात्री बारा वाजता लावण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि अँटीव्हायरसचे स्कॅन, डेटाबेसची देखभाल आणि दिवसाअखेरचे अहवाल लावणाऱ्यांनाही तोच झालेला असतो. एकाच डिस्कवर ही सगळी कामे एकत्र आली की दोष बॅकअपच्या माथी येतो. तक्रार महिन्यातून एकदाच, आणि तीही दुसऱ्या रविवारी येत असेल तर झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या स्क्रबकडे पाहावे. डेबियन लिनक्सवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या यंत्रणांत ही संपूर्ण डिस्कची तपासणी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होते. स्क्रब बंद करू नये, कारण डिस्कवरील सडलेला डेटा तोच उघडकीस आणतो. त्या रात्री बॅकअपची वेळ पुढे ढकलावी.

वेळ निवडताना घड्याळापेक्षा व्यवसायाकडे पाहावे. दूध संस्थेत रात्री अकरा ते तीन हा काळ बरा, फाउंड्रीत पाळी बदलण्याची वेळ टाळावी कारण उत्पादनाच्या नोंदी तेव्हाच भरल्या जातात. अडत दुकानात किंवा कापडाच्या पेढीवर दुपारी जेवणाच्या वेळीही बॅकअप उरकता येतो.

जागा आणि विसरलेले स्नॅपशॉट

स्टोरेजवर किती जागा उरली आहे हे पाहायला एक मिनिट लागते. एलव्हीएम-थिन (लागेल तशीच जागा देणारी साठवण पद्धत) वापरात असेल तर डेटा आणि मेटाडेटा (कोणता डेटा कोठे आहे याची नोंद) या दोन्ही टक्केवाऱ्या पाहाव्यात. बहुतेक जण पहिलीच पाहतात. यांपैकी कोणतीही शंभराला टेकली की त्या पूलवरील (सामायिक साठ्यावरील) सर्वच व्हीएमना लिहिताना त्रुटी येऊ लागतात आणि ती एकामागून एक थांबतात. हे बॅकअपच्या वेळी घडले तर बॅकअपनेच मशीन बंद पाडले असा समज होतो.

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची एका क्षणाची राखून ठेवलेली अवस्था. प्रॉक्समॉक्सचा स्नॅपशॉट पद्धतीचा बॅकअप व्हीएमच्या बाबतीत स्टोरेजवर स्नॅपशॉट तयार करत नाही. ते काम क्यूईएमयू हा व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम स्वतः आतल्या आत करते. म्हणजे यादीत जुने स्नॅपशॉट दिसत असतील तर ते माणसांनी ठेवलेले आहेत, बहुधा एखाद्या अपडेटच्या आधी सावधगिरी म्हणून, आणि नंतर त्यांची आठवण कोणालाच राहिलेली नाही. अपडेट नीट चालत असल्याची खात्री असेल तर ते काढून टाकावेत, मात्र एका वेळी एक आणि कामाच्या वेळेबाहेर, कारण मोठा स्नॅपशॉट काढतानाही डिस्कवर ताण येतो. त्याच डिस्कवर पडून असलेला स्नॅपशॉट बॅकअप म्हणून धरू नये. डिस्क गेली की तोही जातो.

केबल, स्विच आणि नॅस

बॅकअप चालू असताना व्हीएम संथ का होते, याचे उत्तर बॅकअपच्या कार्यपद्धतीत आहे. बॅकअप सुरू होतो त्या क्षणाची डिस्क जशीच्या तशी प्रतीत उतरली पाहिजे. पण मशीन तर चालूच आहे आणि त्यात नवे लेखन होत आहे. म्हणून ज्या भागाची प्रत अजून घेतलेली नाही अशा भागावर व्हीएमने काही लिहायला घेतले, की तेथील जुना मजकूर आधी बॅकअपच्या ठिकाणी पोहोचवला जातो आणि मगच नवे लेखन होऊ दिले जाते. नॅस (बॅकअप साठवणारी नेटवर्कवरील डिस्कपेटी) संथ असेल तर व्हीएमचे ते लेखन नॅससाठी खोळंबते. सर्व्हरमध्ये कितीही वेगवान एसएसडी असली तरी त्या क्षणी तिचा वेग गोदामातील जुन्या नॅसइतकाच राहतो. नॅस मध्येच गायब झाला तर लेखन अडकून पडते आणि मशीन मेल्यासारखे दिसते.

म्हणून पुढची तपासणी तारेची. गिगाबिट जोडणीला केबलमधील चारही जोड्या शाबूत लागतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात. एखादी जोडी क्रिंपमध्ये (केबलच्या टोकाच्या जोडणीत) सैल झाली किंवा उंदराने कुरतडली की अनेकदा जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. शिरोलीच्या एका फाउंड्रीत नॅस शॉट ब्लास्टिंग विभागाशेजारच्या स्टोअरमध्ये ठेवलेला होता. तेथील स्विचच्या बाकी सर्व पोर्टवर हिरवा दिवा होता आणि नॅसच्या पोर्टवर नारिंगी. सॉकेटच्या पिनांवर लोखंडाची बारीक काळी धूळ बसली होती. केबल बदलली, नॅस कार्यालयाच्या खोलीत हलवला आणि तक्रार बंद झाली. सर्व्हर बदलण्याचे कोटेशन तोवर मागवून झाले होते.

हिशेब सोपा आहे. ५०० जीबीची डिस्क गिगाबिटवर सव्वा तासाच्या आसपास जाते, १०० मेगाबिटवर तिला बारा तास लागतात. म्हणजे रात्री अकराला सुरू झालेला बॅकअप सकाळी कामगार हजेरी लावत असतानाही चालूच असतो. लॉगमध्ये बॅकअपचा सरासरी वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकलेला दिसला तर आधी केबलच पाहावी.

आणखी एक कारण अलीकडे वाढले आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत महामार्ग बंद पडला, शहराच्या सखल भागांत पाणी शिरले, आणि बॅकअपची एक प्रत पंचगंगेच्या पाण्यापासून लांब असावी ही मागणी रास्तच आहे. पण त्यासाठी बॅकअपचे ठिकाण थेट पुण्यातील सर्व्हरवर इंटरनेटमार्गे ठेवले, तर वर सांगितल्याप्रमाणे व्हीएमचे प्रत्येक अडलेले लेखन इंटरनेटच्या वेगाने चालू लागते. पहिली प्रत नेहमी त्याच इमारतीतील नॅस किंवा बॅकअप सर्व्हरवर घ्यावी, आणि ती पूर्ण झाल्यावर तेथून बाहेरगावी पाठवावी. या दुसऱ्या प्रवासाला दहा तास लागले तरी चालू व्हीएमला त्याची झळ लागत नाही.

कालचा बॅकअप सहा मिनिटांत झाला आणि आज दोन तास लागले, असे प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरणाऱ्यांकडून ऐकू येते. हा बिघाड नव्हे. डिस्कचा कोणता भाग बदलला याची नोंद चालू व्हीएमच्या मेमरीत ठेवली जाते. व्हीएम पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झाले की ती नोंद जाते आणि पुढच्या बॅकअपला संपूर्ण डिस्क वाचावी लागते. वळवाच्या पावसात वीज गेली, यूपीएसने मान टाकली, की त्या रात्रीचा बॅकअप लांबणारच. येथे खर्च करायचा तो यूपीएसच्या बॅटऱ्यांवर.

गेस्ट एजंट

येथून पुढे व्हीएमच्या आत जावे लागते. क्यूईएमयू गेस्ट एजंट हा छोटा प्रोग्रॅम व्हीएममध्ये चालतो आणि बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टिमला अर्धवट लेखन पूर्ण करून थांबायला सांगतो. तो नसेल तर मिळणारी प्रत भर कामात वीज गेल्यावर डिस्कची जी अवस्था असते तशी असते. एनटीएफएस आणि एक्स्ट४ या फाइल सिस्टिम, तसेच पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमधील इनोडीबी हे डेटाबेस अशा अवस्थेतून सहसा सावरतात, कारण त्यांची स्वतःची नोंदवही असते. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम टेबलांना आणि साध्या फाइलींत हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो आधार नाही.

तपासण्याच्या गोष्टी तीन. व्हीएममध्ये एजंटची सेवा चालू आहे का. विंडोजमध्ये तिच्याबरोबर व्हर्ट-आयओ सिरियलचा ड्रायव्हर बसवला आहे का. आणि प्रॉक्समॉक्सच्या पर्यायांत एजंट सुरू केला आहे का. हा पर्याय सुरू केल्यानंतर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे लागते. आतून रीस्टार्ट केल्याने काही होत नाही, कारण एजंटशी बोलण्याचे उपकरण नव्या सुरुवातीलाच जोडले जाते. सर्व काही बरोबर असूनही एजंट उत्तर देत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच निघते.

फ्रीझला फार वेळ लागत असेल तर विंडोज व्हीएममध्ये व्हीएसएस (विंडोजची प्रत घेण्याची सेवा) रायटर्सची, म्हणजे प्रतीसाठी आपापला डेटा थांबवणाऱ्या घटकांची, यादी पाहावी. प्रत्येक रायटर ‘स्टेबल’ आणि त्रुटीविना दिसला पाहिजे. एखादा ‘फेल्ड’ दिसला तर त्याच्याशी संबंधित सेवा पुन्हा सुरू करावी: एसक्यूएलचा रायटर असेल तर एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर ही सेवा, सिस्टिम रायटर असेल तर क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस. रायटर्सना गोठलेल्या अवस्थेत राहण्याची कमाल मुदत ६० सेकंद आणि प्रत्यक्ष लेखन अडवून ठेवण्याची मुदत १० सेकंद असते. डिस्क आधीच दमलेली असेल तर ही मुदत उलटते आणि रायटर नापास होतो. म्हणजे येथे दिसणारा दोष कधी कधी वेळांच्या टकरीचाच परिणाम असतो.

लिनक्समध्ये फ्रीझ अडकण्याचे ओळखीचे कारण म्हणजे लूप पद्धतीने जोडलेली फाइल सिस्टिम, म्हणजे एका डिस्कवरील फाइललाच दुसरी डिस्क म्हणून वापरणे. होस्टिंग पॅनेल असलेल्या सर्व्हरवर तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर असे बनवलेले आढळते. खालची डिस्क आधी गोठते, वरची तिच्यावर लिहू पाहते, आणि दोन्ही एकमेकींची वाट पाहत बसतात.

मशीन तिसऱ्या लक्षणाप्रमाणे अडकले असेल तर लगेच रीसेट करू नये. होस्टवरून, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते त्या सर्व्हरवरून, एजंटला फ्रीझची स्थिती विचारावी, ती ‘फ्रोझन’ आली तर थॉची आज्ञा द्यावी. अनेकदा तेवढ्यानेच मशीन जागचे हलते. एजंट मुळीच उत्तर देत नसेल तरच रीसेट. चौथ्या लक्षणातील कुलूप ‘क्यूएम अनलॉक’ या आज्ञेने निघते, पण बॅकअपची प्रक्रिया मागे खरोखर चालू नाही हे आधी पाहावे. चालू बॅकअपचे कुलूप काढून त्यावर दुसरे काम सुरू केले तर प्रतही हातची जाते आणि मूळही धोक्यात येते.

तक्रार बंद व्हावी म्हणून एजंटच काढून टाकण्याचा उपाय काही ठिकाणी केलेला दिसतो. त्याने थांबणे बंद होते हे खरे, पण प्रतीचा दर्जा घसरतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. मला हा उपाय मान्य नाही.

फ्लीसिंग आणि वेगमर्यादा

केबल चांगली आहे, नॅस तेवढाच वेगवान होऊ शकतो आणि नवा घेण्याची तयारी नाही, अशा ठिकाणी प्रॉक्समॉक्सच्या ८.२ या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, आलेला बॅकअप फ्लीसिंगचा पर्याय वापरावा. यात व्हीएमला नवे लेखन करायचे असेल तेव्हा जुना मजकूर नॅसकडे न जाता सर्व्हरमधीलच वेगवान एसएसडीवर तात्पुरता उतरवला जातो आणि तेथून सवडीने पुढे जातो. त्यामुळे व्हीएम नॅससाठी थांबत नाही. यासाठी निवडलेले स्टोरेज थिन पद्धतीचे असावे, आणि लेखन फार असेल तर तात्पुरती जागा मूळ डिस्कइतकीही लागू शकते हे धरून चालावे. संथ नॅसच्या तक्रारीवर माझा भर याच पर्यायावर असतो.

वेगमर्यादा घालण्याने वाचनाचा ताण कमी होतो, पण बॅकअप लांबतो आणि लेखन अडण्याचा काळही त्याबरोबर लांबतो. मूळ स्टोरेज संथ असेल तेथेच ती उपयोगी आहे.

डेटाबेसची वेगळी व्यवस्था

एसक्यूएल सर्व्हरवर डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर बदललेलेच घेणाऱ्या) बॅकअपची साखळी वापरात असेल तर एजंटच्या फ्रीझमुळे ती साखळी तुटू शकते, कारण व्हीएसएसमार्फत झालेली प्रत पूर्ण बॅकअप म्हणून नोंदली जाते आणि पुढचे डिफरन्शियल तिच्यावर आधारले जातात. अशा व्हीएमपुरते एजंटची मांडणी बदलावी. ते जमत नसेल तर बॅकअपच्या वेळी फ्रीझ करण्याचा पर्याय बंद करून डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअपवर विसंबावे. एजंट काढून टाकण्याहून हे वेगळे आहे, कारण येथे डेटाबेसची प्रत दुसऱ्या मार्गाने व्यवस्थित घेतली जाते.

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरसाठी त्याच्या स्वतःच्या बॅकअपचा पर्याय दिवसाअखेर वापरावा, आणि ती फाइल व्हीएमच्या डिस्कवर ठेवावी म्हणजे रात्रीच्या प्रतीत ती आपसूक येते. डिस्कच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप’ची खूण काढलेली असेल तर ती डिस्क गुपचूप वगळली जाते, लॉगमध्ये तशी ओळ असते, ती पाहावी.

त्यानंतर प्रत उभी करून पाहावी. नव्या क्रमांकाने व्हीएम परत आणावे, ‘युनिक’ हा पर्याय निवडावा आणि सुरू करण्याआधी त्याचे नेटवर्क तोडावे, नाहीतर एकाच पत्त्याची दोन मशीन कार्यालयात भांडू लागतील. आत जाऊन डेटाबेसची अंतर्गत तपासणी चालवावी आणि कालचे शेवटचे बिल किंवा शेवटची वजनपावती दिसते का ते पाहावे.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

डिस्कच्या स्मार्ट (आरोग्याच्या) अहवालात पेंडिंग किंवा रीअलोकेटेड, म्हणजे खराब होत चाललेले, सेक्टर वाढत असतील, रेड (अनेक डिस्कचा गट) एखादी डिस्क गमावून अपुरी चालत असेल, थिन पूलचा मेटाडेटा बिघडल्याची त्रुटी येत असेल, किंवा डेटाबेसच्या तपासणीत नुकसान सिद्ध झाले असेल, तर पुढे स्वतः काही करू नये. विशेषतः एकमेव शिल्लक प्रतीवर चेकडिस्क, फाइल सिस्टिम दुरुस्ती किंवा डेटाबेसची ‘रिपेअर’ आज्ञा चालवू नये. या आज्ञा फाइल सिस्टिम किंवा डेटाबेस जुळवून घेण्यासाठी काही मजकूर काढूनही टाकतात. रेडमधील दोन डिस्क एका वेळी बदलू नयेत. फाइलींची नावे अचानक बदललेली आणि खंडणीची चिठ्ठी आढळली तर नॅसची केबल आधी काढावी आणि मग फोन करावा.

जाणकार येईपर्यंत रात्रीचा बॅकअप आणि जुन्या प्रती आपोआप काढण्याचा नियम दोन्ही बंद ठेवावेत, कारण बिघडलेल्या मशीनच्या नव्या प्रती चांगल्या जुन्या प्रतींना हुसकावून लावतात. शेवटच्या आठवड्यातील व्हीझेडडम्पच्या लॉग फाइली, थिन पूलच्या दोन्ही टक्केवाऱ्या, डिस्कचा स्मार्ट अहवाल आणि शेवटची तपासून पाहिलेली प्रत कोणत्या तारखेची आहे, एवढे त्यांच्या हाती द्यावे.